रेघेच्या वर एक वीत

कपाटामागं भिंतीचा एक पोपडा सुटून खाली पडला. आवाज म्हणाल तर पापड मोडल्याएवढा. पण लाईट गेल्यामुळं पंखा थांबलेला, मनू गाढ झोपलेली, गल्लीतलं कुत्रंसुद्धा उन्हाला दबून गप्प बसलेलं, त्यामुळं तो आवाज मानेमागून कुणी नख ओढत न्यावं तसा मला लागला. मी लॅपटॉपवरचा हात तसाच ठेवून मनूकडं पाहिलं. तिचे ओठ दूध ओढल्यासारखे हलले. सहा वर्षांची झाली तरी झोपेत अजून ते तसेच हलतात. मग ती पुन्हा खोल गेली. मी उठले, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालून चाचपलं. बोटांना पिठासारखं काहीतरी लागलं, थंड, किंचित दमट. मे महिना सरत आला होता, बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं, आणि आमच्या भिंतीच्या आत मात्र अजून ओल होती. लोणा लागलेली भिंत अशीच. वरून पुट्टी भरा, रंग द्या, तिच्यासमोर कपाट सरकवा. ती आतल्या आत फुगत राहते आणि एखाद्या दुपारी पदरातलं थोडंसं खाली टाकते. मनू रांगायला लागली तेव्हा एकदा तिनं हे पीठ चाटलं होतं. खारट लागलं असणार, कारण तोंड वाकडं करून ती हसली होती. मी ओढणीच्या टोकानं ते सगळं पुसून घेतलं. संध्याकाळी परवीन आणि अजमल यायचे होते, आमचं घर विकत घ्यायचं पक्कं करायला, आणि त्यांना कपाटामागं बघावंसं वाटलं तर तिथं काही दिसायला नको होतं.

बाहेरून काही दिसायचा प्रश्नच नव्हता. बाहेरचं मी केलं होतं. गेली पाच-सहा वर्षं मी दुसरं काय करतेय? सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात नकाशे इतर जण करतात. माझ्याकडं येतं ते एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचा रस्त्याकडचा चेहरा. आणि या गावात चेहरा म्हटलं की आधी पुराची रेघ येते. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी कड राहते, तिच्यावर नुसता रंग देऊन भागत नाही, हे मी पहिल्याच कामात शिकले. रंग तिला लपवत नाही, उठाव देतो. खालचा गिलावा पाणी पिऊन सुजलेला असतो, वरचा सुका; ऊन डोक्यावर आलं की ते भिंतीवरून घसरत खाली येतं आणि बरोबर त्या कडेवर अडखळतं. रोज दुपारी थोडा वेळ रेघ जिवंत होते. तिला घालवायचं तर पृष्ठभागच मोडावा लागतो. खालच्या भागाला दाणेदार जाड टेक्स्चर द्यायचं, ते ओलं असताना कंगव्यासारख्या पत्र्याच्या पट्टीनं आडव्या खाचा ओढायच्या, शेकडो, हातानं, थोड्या कमी-जास्त. एक रेघ हरवायची तर तिला तिच्यासारख्यांच्या गर्दीत उभं करायचं. रंग ओल्या मातीचा किंवा काळपट राखाडी घ्यायचा, म्हणजे पुढच्या वेळचा डागही आधीच त्यात मुरलेला असेल. वर फिका, ताकासारखा गुळगुळीत रंग. आणि दोन रंग जिथं भेटतात ती जागा पुराच्या रेघेच्या वर एक वीत ठेवायची. बघणाऱ्याची नजर त्या नव्या रेघेवर थांबते आणि समाधान पावते. त्याला वाटतं, ही कुणाची तरी आवड आहे. आता तर ती खरंच आवड झाली. जिथं कधी पाणी चढलं नाही तिथली माणसंही ऑफिसात येऊन सांगतात, मॅडम, खाली तो गडद पट्टा पाहिजे. मध्ये साताऱ्याला गेले तर डोंगराच्या पोटाशी, जिथं फक्त धुकं येतं, तिथल्या नव्या बंगल्यांवर माझाच पट्टा. मी रिक्षातून मान वळवून बघत राहिले होते. कुणीतरी आपल्या लेकराचं दुखणं दागिना म्हणून गळ्यात घालावं तसं वाटलं होतं.

आमच्या इमारतीचं मात्र मी टाळत होते. वरच्या दोन मजल्यांवरची बिऱ्हाडं मागं लागली होती, घरात एवढी हुशार सून आणि बिल्डिंग अशी बोडकी, म्हणून. मी हो-हो म्हणायचे. मग फेब्रुवारीत एकदा माझा नवरा वीरधवल साखर कारखान्यातून आला, अंगाला उसाच्या मळीचा वास, बूटही न काढता दारातच म्हणाला, "साताऱ्याचा फ्लॅट हातचा जाऊ द्यायचा नसेल तर हे आधी विकलं पाहिजे. आणि ती रेघ बघून कोण घेणारंय?"

"रेघ बघूनच घ्यावं की ज्यानं घ्यायचं त्यानं," मी म्हणाले.

"बरं. मग आपण राहू इथंच. पुढच्या पुरात मनूला मात्र तू घे डोक्यावर."

तो टोमणा नव्हता. त्याच्या आवाजात चिडही नव्हती. मनू दोन वर्षांची होताना पुन्हा पाणी आलं होतं. पहिल्याएवढं नाही, छातीएवढंच, आणि त्यानं तिला डोक्यावर धरून त्या गढूळ, गॅसच्या आणि गटाराच्या वासाच्या पाण्यातून कोपऱ्यापर्यंत नेलं होतं. मी मागून चालत होते आणि मला फक्त तिचे तळवे दिसत होते, गुलाबी, कोरडे. ते कोरडे आहेत एवढंच मी सारखं बघत होते. तेव्हापासून पाऊस जोरात लागला की मनू खेळ टाकून फरशीला कान लावते. आम्ही तिला काही विचारत नाही. यंदा मी ठरवलं होतं की तिचा कान फरशीला लागायच्या आत आपण डोंगराजवळ असायचं. म्हणजे मग इथं दुसरं कुणीतरी असणार. हा दुसरा भाग मी वाक्यात कधी आणला नाही. बाळंतपणानंतर पोटावर ज्या रेघा राहिल्या, त्यांच्याकडं आंघोळीच्या वेळी मी जशी न बघता बघते, तसं मी त्या दुसऱ्या भागाकडं बघत होते.

आमच्या घराची रेघ पाण्यानं ठेवलेली नाही, हे सांगायला हवं. ती माझ्या सासऱ्यांनी मारलीय. नाथाजीमामा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मनू जन्मली त्या ऑगस्टात गल्लीत पाणी शिरल्यावर बाकीचे गेले, हे वरच्या मजल्यावर जाऊन बसले आणि जिन्यावरून विटेच्या तुकड्यानं भिंतीवर खुणा करत राहिले, पाणी चढतंय की थांबलंय ते कळावं म्हणून. शेवटी होडी आली. होडीत बसल्यावर ते वाकले आणि घराच्या पुढच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्याही वर, त्यांनी एक लांब रेघ ओढली. होडी हलली म्हणून रेघ उजवीकडं जराशी खाली उतरलीय. पाणी ओसरल्यावर अनवाणी चिखल उपसत होते, ताप आला, आणि त्या तापातून ते उठलेच नाहीत. पुढं वीरधवलनं त्या विटेच्या रेघेवरून तांबडा ऑइलपेंट फिरवला. उतार सरळ केला नाही. खाली साल लिहिलं. मनूनं आजोबा बघितले नाहीत, आजोबांनी मनूला बघितलं नाही. त्यांच्या हातचं तिला मिळालेलं एवढंच.

मी तेव्हा इथं नव्हते. मी मेढ्याला होते, माहेरी, बाळंतिणीच्या खोलीत. मनू जन्मून थोडेच दिवस झाले होते. बाहेर जावळीतला पाऊस, जो पडत नाही, नुसता उभा असतो. आणि आत शेगडी, ओव्याचा धूर, उबदार दुपट्यातला तिचा आंबूस वास. मोबाईलला रेंज नव्हती. कौलांवरचा तो एकसुरी आवाज ऐकत मी तिला पाजायचे, आणि खरं सांगते, इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं. पडू दे, पडत राहू दे, असं मी मनात म्हणायचे. तो सगळा पाऊस वेण्णेत उतरत होता, माहुलीला कृष्णेत जात होता, कऱ्हाडला कोयनेला घेऊन खाली येत होता आणि आमच्या दाराच्या चौकटीवर चढत होता. सासूबाईंनी हे मला वर्षभरानं हसत हसत ऐकवलं. त्यांचं नाव बनुबाई. बोलणं गोड आणि टोक बारीक. मला त्या राजू म्हणायच्या. शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या राजूच्या म्हायेरचं पानी हाय ते. म्हायेरचं मानूस आल्यावानी थेट सैपाकघरात शिरलं, चूल कुटं हाय विचारलंबी न्हाई." सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री अंथरुणात ते वाक्य उशीखालच्या खड्यासारखं टोचत राहिलं.

त्याच बनुबाई दर श्रावणात रेघेला हळदकुंकू लावायच्या. म्हणजे लावून घ्यायच्या. आपण विधवा, म्हणून करंड्याला स्वतः हात लावायच्या नाहीत. टेबलावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मनूला उभी करायच्या, तिचे पाय घट्ट धरायच्या, आणि मनू जीभ बाहेर काढून, मान उंचावून, त्या तांबड्या रेघेवर बोटानं टिकल्या द्यायची. एक हळदीची, एक कुंकवाची, जिथवर हात पोचेल तिथवर. खाली उभ्या राहून सासूबाई नदीशी बोलायच्या, जावेशी बोलावं तसं. "माई, हितवर आलीवतीस. आता हितनंच माघारी फिर गं बाई. आत पोरं हायत." दुसऱ्या खेपेला पाणी छातीवरूनच परतलं, तेव्हा त्यांनी कुणाकडंही न बघता एवढंच म्हटलं, "तिला रेघ दिसली आसंल." मला त्या सगळ्याचं हसू यायचं आणि दरवेळी मी खुर्चीचा पाय धरायला जायचे.

कामाचं ठरलं तेव्हा त्यांना कोण सांगणार यावर आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांकडं बघत होतो. शेवटी वीरधवलनं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. "रंग लावा न्हाईतर सोनं लावा," म्हणाल्या, "मला शिराळ्याला सोड भावाकडं. आन मनीलाबी घ्यून जाते, सुट्टीच हाय तिला." जाताना गाडीत बसण्याआधी त्यांनी भिंतीकडं पाहिलं नाही. मनूनं पाहिलं, हात हलवला. ती भिंतीला टाटा करते हे मला नवीन नव्हतं.

टेक्स्चरचं काम बिराप्पाकडं. जत भागातला, तोंडाचा मोकळा, हात भरभर चालवणारा आणि त्यामुळं खाचा कधीकधी वाकड्या नेणारा. मला वाकड्याच हव्या होत्या. पहिल्या दिवशी परांचीवर चढून त्यानं रेघेवर अंगठा घासला. अंगठ्याला जुनं कुंकू लागलं.

"वैनी, देव हाय का वो हितं?"

"नाही. पुराची खूण आहे."

"मग घासतो. आमच्या जताकडं बगा, पानी दिसाय पायजे म्हनून लोकं भिंतीवर धबधब्याचा फोटू लावत्यात. आन तुमी पानी पुसाय मला बोलवताय." तो स्वतःच हसला. "येऊ दे की परत. आपलं टेक्स्चर बगून लाजंल आन जाईल."

मशीन सुरू झालं. तांबडी धूळ उडाली, पायरीवर, माझ्या चपलांवर, तुळशीवर. मी समोरच्या फुटपाथवर छत्री घेऊन उभी होते आणि ऑफिसातल्या सवयीनं बघत होते, कड नीट बसते का, सूज पुरती उतरते का. साल आधी गेलं. मग रेघ डावीकडून जायला लागली. उजवीकडचा तो उतरता तुकडा, जिथं होडी हलली होती, तो शेवटी राहिला, आणि तेवढ्यात मला वाटलं की आता थांब म्हणावं. एक हात उचलला की बिराप्पा थांबला असता. माझा हात छत्रीच्या दांडीवर होता. मी विचार करत होते की मनूचे तळवे कोरडे राहायला हवेत. मग तिथं भिंतीचा करडा गिलावा तेवढा राहिला, खरवडलेल्या गुडघ्यासारखा. दोन दिवसांत ओल्या मातीचा रंग चढला, खाचा पडल्या, वर ताकाचा रंग आला. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पुण्यासारखं झालं. मी दुपारी बाराला मुद्दाम बाहेर येऊन उभी राहिले. ऊन घसरत खाली आलं, खाचांवरून पायऱ्या उतरावं तसं उतरलं आणि कुठंही अडखळलं नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

आज वीरधवल शिराळ्याहून मनूला घेऊन आला. ती गाडीतच झोपली होती. खांद्यावर टाकून त्यानं तिला आत आणलं, तिचा चेहरा त्याच्या मानेत. सासूबाई आल्या नाहीत. "म्हणाली, रंगाचा वास गेला की येते," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

ऊन कलल्यावर परवीन आली. अजमल गाडी लावत होता. आटपाडीकडची माणसं, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, ते आता सांगलीत आणायचं. परवीनच्या सासूचे गुडघे गेलेत, म्हणून त्यांना तळमजलाच हवा होता. परवीन माझ्याच वयाची असेल. कडेवर सबा, वर्षाच्या आतली, तोंडात ओढणीचं टोक. परवीन घरात आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. धार पडत राहिली. तिनं लगेच बंद केला, कुणी रागवेल असा.

"रोज येतं?"

"सकाळ-संध्याकाळ," मी म्हणाले.

"ऐकलं का वो," ती दारातल्या नवऱ्याला म्हणाली, "दोन टायम. आमच्यात टँकर आला की वरात आल्यासारखी पळतोय आमी." मग माझ्याकडं वळून हसली. "वहिनी, हिला मी पहिल्यांदा टबात बसवनार बगा."

सबानं माझ्याकडं हात पुढं केले. मी घेतलं. गरम, जड, डोक्याला खोबरेल तेलाचा वास. तिनं माझ्या गळ्यातली पोत मुठीत धरली. परवीन खोल्या बघत फिरली, कपाटापुढं थांबली, त्याच्या लाकडावरून हात फिरवला, मागं बघितलं नाही. मला ती बघेल असं वाटलं होतं. बघावं असंही वाटलं होतं का, ते मला अजून सांगता येत नाही. मग आम्ही सगळे बाहेर पायरीवर आलो, सासूला चढायला जमेल का ते बघायला. अजमल मागं सरकून रस्त्यावर उभा राहिला, इमारतीकडं मान वर करून.

"डिझाइन लय भारी हाय," तो म्हणाला.

"हिनंच केलंय," वीरधवल म्हणाला. त्याच्या आवाजात खराखुरा अभिमान होता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

परवीननं भिंतीवर तळवा ठेवला. खाचांमधून बोटं फिरवली. "पुराचं ऐकलंय आमी," ती म्हणाली, सहज, बोटांकडं बघत. "हितं कुठवर आलंवतं?"

"त्या वर्षी कुठं नव्हतं, सांगा," वीरधवल म्हणाला. "गल्लीत आलं होतं. पायरीला लागलं असेल."

तिनं मान हलवली. पण तिची नजर त्याच्यावर थांबली नाही, माझ्यावर आली. लहान मूल कडेवर असलेली बाई दुसऱ्या बाईकडं बघते तशी. तिचं मूल माझ्या कडेवर होतं. "व्हय का वो वहिनी?"

माझ्या तोंडात खारट चव आली. मी सबाचं झबलं नीट केलं, ते नीटच होतं. म्हणाले, "चहा टाकते," आणि जागची हलले नाही. वीरधवल चावीच्या जुडग्याशी खेळत होता. त्याच वेळी आतून पावलं आली, अनवाणी, झोपाळलेली, आणि मनू दारात उभी राहिली. गालावर उशीची वळी उमटलेली. परक्या माणसांकडं तिचं लक्षही गेलं नाही. ती पायऱ्या उतरली, वळली आणि भिंतीकडं बघायला लागली. खालून वर, मग पुन्हा खालून वर.

"आई," ती म्हणाली, "मला उचल."

परवीननं सबाला माझ्याकडून घेतलं. मी मनूला उचललं, पण तेवढ्यानं तिला पुरेना. "वर, अजून वर," म्हणत ती माझ्या खांद्यावर गुडघा टेकून चढली, आणि मी तिचे पाय धरले, सासूबाई धरायच्या तसे घट्ट. तिनं हात लांब केला. तिचं बोट खाचांमधून डावीकडून उजवीकडं सरकत गेलं, थांबत, परत मागं येत, अंधारात कडी शोधावी तसं. उजवीकडं ते जरा खाली उतरलं. बरोबर तिथंच. परवीनची मान त्या बोटाबरोबर वर गेली होती. तिच्या डोक्याच्या वर, दाराच्या चौकटीच्या वर. तिनं एकदा चौकटीकडं पाहिलं, एकदा बोटाकडं, आणि सबाला दुसऱ्या कडेवर घेतलं. अजमल रस्त्यावरून काहीतरी म्हणत होता.

मनूनं बोट भिंतीवर तसंच टेकवून ठेवलं आणि मान खाली वाकवून, माझ्या केसांत श्वास लागेल इतक्या जवळ येऊन विचारलं,

"आई, आता माईला कसं कळणार, कुठनं माघारी फिरायचं ते?"